अठरा सह्या आणि एक सही

कवितासंग्रह उघडला की आधी काय येतं? अर्पणपत्रिका, प्रस्तावना, फार तर एखाद्या ज्येष्ठाचे चार कौतुकाचे शब्द. १७७३ साली लंडनमध्ये छापलेल्या एका संग्रहात मात्र आणखी एक पान आहे. त्या पानावर अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातले अठरा पुरुष जगाला ग्वाही देतात की, पुढच्या कविता फिलिस नावाच्या एका तरुण काळ्या मुलीनेच लिहिल्या आहेत अशी आमची खात्री आहे. काही वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणली तेव्हा ती रानटी होती, आज ती याच शहरातल्या एका घरात गुलाम आहे. जाणकारांनी तिची परीक्षा घेतली आहे आणि असं लिहिण्याइतकी ती लायक आहे, असं त्यांचं मत पडलं आहे. खाली सह्या.

सह्या करणारी माणसं साधीसुधी नाहीत. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन आहे, त्याचा डेप्युटी अँड्र्यू ऑलिव्हर आहे, सात धर्मोपदेशक आहेत. श्रीमंत व्यापारी जॉन हॅनकॉक आहे. याच हॅनकॉकची ठसठशीत सही तीन वर्षांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर झळकली. आणि या अठरांत जॉन व्हीटलीही आहे. तो त्या मुलीचा मालक.

कवयित्रीचं नाव फिलिस व्हीटली. तेव्हा ती विशीच्या आसपास होती. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी माणसाचं छापून आलेलं हे पहिलं काव्यपुस्तक. अमेरिकी साहित्याच्या इतिहासात तिचं नाव आज पक्कं आहे. पण तिच्याबद्दल वाचताना मी पुन्हा पुन्हा त्या अठरा सह्यांपाशी अडते. त्या सह्यांनी तिला काय मिळवून दिलं? आणि काय मिळवून देणं त्यांना जमलंच नाही?

जहाजाचं नाव

१७६१ च्या जुलैत बॉस्टनच्या बंदरात एक जहाज लागलं. पश्चिम आफ्रिकेतून माणसं भरून आणलेलं. त्यात एक किडकिडीत, आजारी मुलगी होती. तिचे पुढचे दुधाचे दात पडलेले होते, त्यावरून तिचं वय सातेक वर्षांचं धरलं गेलं. जॉन व्हीटली या शिंप्याने, जो व्यापारीही होता, आपल्या बायकोच्या, सुझॅनाच्या, दिमतीला तिला विकत घेतलं. जहाजाचं नाव होतं ‘फिलिस’. मुलीचं नावही तेच ठेवलं गेलं. आडनाव मालकाचं. तिच्या आईवडिलांनी तिला कोणत्या नावाने हाक मारली असेल, याची नोंद कुठेही नाही.

व्हीटलींच्या घरात तिला लिहायला-वाचायला शिकवलं गेलं. गुलामांच्या बाबतीत हे फार क्वचित घडायचं. मालकाने पुढे लिहून ठेवलंय की, सोळा महिन्यांत ती बायबलमधले अवघड उतारेही वाचू लागली. मग लॅटिन, मग अलेक्झांडर पोप आणि मिल्टन. १७६७ साली, म्हणजे चौदाएक वर्षांची असताना, तिची कविता न्यूपोर्टच्या वर्तमानपत्रात छापून आली. १७७० साली जॉर्ज व्हाइटफील्ड हा लोकप्रिय धर्मप्रचारक वारला. त्याच्यावर तिने लिहिलेली विलापिका बॉस्टनमध्ये छापली गेली, पुढे लंडनपर्यंत पोचली, आणि तिचं नाव समुद्राच्या दोन्ही काठांवर झालं.

तिच्या कवितांचा मोठा भाग अशा विलापिकांचाच आहे. कुणाचं मूल गेलं, कुणाचा नवरा गेला, की ती यमकबद्ध ओळींच्या जोड्यांत सांत्वन लिहायची. आज वाचताना त्या एकसारख्या वाटू शकतात. पण मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या मुलीला तिच्या आईपासून तोडून आणलं, तिच्याकडून बॉस्टनमधली गोरी कुटुंबं दुःखाचे शब्द घेत होती.

परीक्षा झाली होती का?

संग्रह काढायचा पहिला प्रयत्न बॉस्टनमध्येच झाला. त्या काळी पुस्तक छापायचं तर आधी वर्गणीदार गोळा करावे लागत. १७७२ च्या फेब्रुवारीत जाहिरात दिली गेली, ३०० वर्गणीदार हवे होते. तेवढे मिळाले नाहीत. त्या जाहिरातीत कवितांची यादी आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. १७७० साली बॉस्टनमध्ये इंग्रज सरकारच्या बाजूच्या एका माणसाने गर्दीवर गोळी झाडली आणि ख्रिस्तोफर स्नायडर नावाचा कोवळा मुलगा मेला. त्याच्यावरची कविता त्या यादीत आहे. म्हणजे ही मुलगी शहरातल्या राजकारणाबद्दलही लिहीत होती. लंडनच्या पुस्तकातून मात्र अशा बऱ्याच कविता गळाल्या. इंग्रज वाचकांना त्या कशा रुचणार?

आता त्या परीक्षेबद्दल. तुम्ही फिलिसविषयी कुठे वाचलं असेल, तर एक दृश्य हमखास सांगितलं जातं. मोठं दालन, अर्धवर्तुळात बसलेले अठरा प्रतिष्ठित पुरुष, समोर हातात कवितांची चळत घेतलेली काळी मुलगी, आणि प्रश्नांची सरबत्ती. हेन्री लुई गेट्स या नामवंत अभ्यासकाने आपल्या पुस्तकात ते दृश्य असं रंगवलं की ते लोकांच्या मनात बसलं. पण अशी बैठक झाल्याची एकही समकालीन नोंद नाही. २०१० साली अभ्यासक जोआना ब्रूक्स यांनी हा मुद्दा सविस्तर मांडला. त्यांचं म्हणणं असं की, ती एकत्रित परीक्षा झालीच नसावी, आणि फिलिसचं नाव खरं तर बॉस्टनमधल्या बायकांनी वाढवलं. तिच्या कविता वाचणाऱ्या, एकमेकींना देणाऱ्या, सांत्वनासाठी मागणाऱ्या बायकांनी.

मला दरबाराच्या दृश्यापेक्षा हे जास्त खरं वाटतं, आणि जास्त बोचतं. दरबार भरला असता तर निदान अठरा जणांनी तिला समोरासमोर ऐकलं असतं. इथे तर तिच्या लिहिण्यावर विश्वास बसावा म्हणून एक कागद तयार झाला. प्रकाशकाला तो हवा होता, कारण लंडनच्या गिऱ्हाइकाला शंका येणार होती. आजच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिफिकेशन. फक्त इथे कवीची ओळख दुसऱ्यांच्या सह्यांनी पटवायची होती, आणि त्यातली एक सही तिच्या मालकाची.

सहा आठवडे लंडन

१७७३ च्या मे महिन्यात फिलिस मालकाच्या मुलाबरोबर, नॅथॅनिएलबरोबर, लंडनला निघाली. जूनच्या मध्याला पोचली. जेमतेम सहा आठवडे राहिली, पण ते आठवडे भरगच्च होते. लॉर्ड डार्टमथ या मंत्र्याने तिला पोपचे ग्रंथ घेण्यासाठी पाच गिनी दिल्या. ब्रूक वॉटसन या व्यापाऱ्याने मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ भेट दिलं. तिची ती प्रत आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. बेंजामिन फ्रँकलिन तिला भेटून गेला.

आणि टॉवर ऑफ लंडन दाखवायला तिला घेऊन गेला तो ग्रॅनव्हिल शार्प. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. बॉस्टनहून इंग्लंडात आणलेला जेम्स सॉमरसेट हा गुलाम पळाला, पकडला गेला, आणि त्याला जमैकाला विकायला पाठवण्याची तयारी झाली, तेव्हा त्याच्या बाजूने कोर्टात लढा उभा करणाऱ्यांत शार्प पुढे होता. १७७२ च्या जूनमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्डने निकाल दिला की, मालकाला आपल्या गुलामाला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही. फिलिस लंडनला गेली ती त्यानंतर बरोबर वर्षाने. टॉवरमध्ये फिरताना दोघं काय बोलली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण शार्पसारखा माणूस शेजारी असताना तो निकाल तिच्या कानावर आलाच नसेल, हे पटत नाही.

तिकडे बॉस्टनमध्ये सुझॅना आजारी पडली, तेव्हा फिलिस जुलैअखेर परत निघाली. पुस्तक बाजारात आलं ते ती समुद्रावर असताना. परतल्यावर काही आठवड्यांतच तिला गुलामीतून मुक्त करण्यात आलं. तिचे चरित्रकार व्हिन्सेंट कॅरेटा यांना वाटतं की, तिने ही सौदेबाजी लंडनमध्येच केली असावी. परत येते, पण मुक्त करणार असाल तर. पुरावा नसला तरी तिने पुढे जे केलं ते पाहिलं की हा तर्क ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

एक सही

तिने काय केलं ते १८ ऑक्टोबर १७७३ च्या एका पत्रात आहे. न्यू हेवनच्या डेव्हिड वूस्टर यांना लिहिलेलं हे पत्र मी तिच्या कवितांपेक्षा जास्त वेळा वाचलं आहे. त्यात लंडनमधल्या भेटींची हकिगत आहे. मग ती सांगते की, इंग्लंडमधल्या स्नेह्यांच्या इच्छेवरून मालकाने मला मुक्त केलं. आणि लगेच पुढची गोष्ट सांगते. मुक्ततेच्या कागदाची एक प्रत तिने लंडनला, सुरक्षित राहावी म्हणून, पाठवून दिली आहे. कागद बॉस्टनमध्ये गहाळ होऊ शकतो, किंवा केला जाऊ शकतो, हे तिला कळत होतं.

त्यानंतर पत्र सरळ धंद्यावर येतं. आता मी माझ्या पायावर उभी आहे, विक्रीतला निम्मा वाटा माझा आहे, तेव्हा तुमच्या ओळखीतल्यांना पुस्तक घ्यायला सांगा. तिथल्या छापखानेवाल्यांनी परस्पर छापलं तर माझं नुकसान होईल, तेवढं होऊ देऊ नका. आणि तरीही कुणी छापलंच, तर खरी प्रत ओळखायची खूण तिने सांगून ठेवली आहे. खऱ्या प्रतीवर माझ्या हातची सही असेल.

अठरा सह्यांच्या मागे या एका सहीची गोष्ट दडून राहते. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत कायद्याच्या लेखी ती स्वतःच कुणाची तरी मालमत्ता होती. आता ती पायरसी, हिशेब आणि कागदपत्रांच्या प्रतींबद्दल बोलते आहे. पुस्तकांच्या प्रती लंडनहून ‘डार्टमथ’ या जहाजाने यायच्या होत्या. नोव्हेंबरच्या अखेरीस ते बॉस्टनला लागलं तेव्हा त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचा चहाही होता. १६ डिसेंबरच्या रात्री लोकांनी ‘डार्टमथ’ आणि आणखी दोन जहाजांवरच्या ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या. बॉस्टन टी पार्टी आपण शाळेत शिकतो. त्याच जहाजाने एका काळ्या कवयित्रीची पुस्तकं आली, हे काही शिकत नाही.

त्या प्रती विकायला मदत करणाऱ्यांत न्यूपोर्टची ओबर टॅनर होती. तीही गुलाम, फिलिसची जिवाभावाची मैत्रीण. फिलिसने तिला लिहिलेली पत्रं टिकली आहेत.

स्वातंत्र्य कुणाचं?

१७७४ च्या फेब्रुवारीत तिने सॅमसन ऑकम या मोहिगन जमातीच्या धर्मोपदेशकाला पत्र लिहिलं. ते पुढच्याच महिन्यात वर्तमानपत्रात छापून आलं. ‘ती फार नेमस्त’ असं म्हणणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. माणसाच्या मनात स्वातंत्र्याची ओढ देवानेच घातली आहे आणि ती आमच्यातही आहे, असं ती त्यात सांगते. मग स्वातंत्र्यासाठी ओरडणारेच दुसऱ्यांवर सत्ता गाजवतात, या विसंगतीवर उपरोधाने बोट ठेवते. हे समजायला तत्त्ववेत्ता असण्याची गरज नाही, असा तिचा सूर आहे.

पुढच्या वर्षी युद्ध पेटलं. ऑक्टोबर १७७५ मध्ये तिने नव्या सैन्याच्या सेनापतीवर, जॉर्ज वॉशिंग्टनवर, कविता लिहून त्यालाच पाठवली. चार महिन्यांनी त्याचं उत्तर आलं. आभार मानलेले, प्रतिभेचं कौतुक केलेलं, कधी केम्ब्रिजला आलात तर भेटा असं आमंत्रण. कविता छापून आणावी असं मनात होतं, पण लोक मला आढ्यतेखोर म्हणतील म्हणून थांबलो, असंही त्याने लिहिलं. शेवटी एप्रिल १७७६ मध्ये ती थॉमस पेन संपादित करत असलेल्या मासिकात आली. वॉशिंग्टनच्या व्हर्जिनियातल्या मळ्यावर तेव्हाही गुलाम राबत होते.

सुझॅना १७७४ साली वारली, जॉन १७७८ साली. त्याच्या मृत्युपत्रात फिलिससाठी काहीही नव्हतं. त्याच वर्षी तिने जॉन पीटर्स या स्वतंत्र काळ्या माणसाशी लग्न केलं आणि तिथून पुढे ती फिलिस पीटर्स या नावाने लिहू लागली. १७७९ साली तिने दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली. ३३ कविता, १३ पत्रं, ३०० पानं, अर्पण बेंजामिन फ्रँकलिनला. युद्धाचे दिवस, पैशाची किंमत घसरलेली, लंडनचे आश्रयदाते आता शत्रूच्या देशात. वर्गणीदार जमले नाहीत.

५ डिसेंबर १७८४ रोजी ती बॉस्टनमध्ये वारली. वय तिशीच्या थोडं पुढे.

जेफरसनचा शेरा

तिच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत थॉमस जेफरसनचं व्हर्जिनियावरचं पुस्तक पॅरिसमध्ये छापलं गेलं. सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत असं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारा हाच तो जेफरसन. त्याने म्हटलं की, धर्माने एक फिलिस घडवली, पण कवी घडवणं धर्माला जमलं नाही. तिचं लेखन टीकेच्याही लायकीचं नाही. नावाचं स्पेलिंगही त्याने चुकवलं. आणि जाता जाता शब्द असे वापरले की, ‘तिच्या नावावर’ प्रसिद्ध झालेल्या रचना. म्हणजे शंका होतीच. गव्हर्नर, हॅनकॉक, सात धर्मोपदेशक, सगळ्यांच्या सह्या असूनही ज्याला मानायचं नव्हतं त्याने मानलं नाही.

मला वाटतं, अशा दाखल्यांचं नेहमी हेच होतं. ज्याला तो द्यावा लागतो, त्याच्याबद्दलची शंका दाखल्यातच छापलेली असते.

फिलिसच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं आणि ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं, ज्यांनी काळ्यांची गुलामी संपवण्यासाठी झीज सोसली. तिथल्या लढ्यात जोतीरावांना इथल्या शूद्रातिशूद्रांसाठी एक उदाहरण दिसत होतं. त्या लढ्यातल्या लोकांनीही फिलिसचं पुस्तक हत्यारासारखं वापरलं होतं. १८३४ साली, गुलामीविरोधी चळवळ जोरात असताना, बॉस्टनमध्ये तिच्या कविता पुन्हा छापल्या गेल्या. बघा, काळ्या माणसाला बुद्धी असते, हे सिद्ध करायला. हेतू चांगला होता. पण कविता पुन्हा एकदा पुराव्याच्या फाइलला लागली.

विसाव्या शतकात तर तिच्यावर तिच्याच लोकांनी आरोप ठेवला. आफ्रिकेतून अमेरिकेत आणल्याबद्दलची तिची आठ ओळींची कविता त्यासाठी पुरेशी होती. ती कविता त्या प्रवासाला देवाची दया म्हणते. १९६० च्या दशकात अमिरी बराकासारख्या लेखकाला तिच्यात काळ्या माणसाचा आवाजच ऐकू येईना. नंतर अ‍ॅलिस वॉकरने मुद्दा फिरवला. जिच्या मालकीचा स्वतःचा देहही नव्हता, तिने लिहिणं जिवंत ठेवलं, तेवढंच पुष्कळ, असा तिचा सूर होता. मी ती आठ ओळींची कविता वाचते तेव्हा मला शेवटच्या दोन ओळींपाशी थांबावंसं वाटतं. तिथे आवाज बदलतो. ती गोऱ्या ख्रिस्ती वाचकाला आज्ञार्थात बजावते की, स्वर्गाच्या वाटेवर आम्हीही आहोत हे लक्षात ठेवा. मालकाच्या घरात बसून एक पोर असं आज्ञार्थी बोलते, हे मला नेमस्तपणाचं लक्षण वाटत नाही.

नवऱ्याची जाहिरात

१८३४ च्या त्या आवृत्तीला एक चरित्र जोडलेलं होतं. ते मार्गारेटा ओडेल या, सुझॅनाच्या नात्यातल्या बाईने लिहिलं होतं. त्यात जॉन पीटर्स हा आळशी, अहंकारी, बायकोला दारिद्र्यात लोटणारा माणूस आहे, आणि व्हीटलींचं घर म्हणजे प्रेमळ छत्र. मालकाच्या नातलगाने सांगितलेली ही गोष्ट दीडशेहून जास्त वर्षं खरी मानली गेली. २०२१ साली इतिहासकार कॉर्नेलिया डेटन यांनी जुनी कोर्टाची कागदपत्रं काढली. त्यांतून दिसलं की, १७८० नंतर हे जोडपं बॉस्टनबाहेर मिडलटन गावी राहत होतं. पीटर्स तिथेच कधी काळी गुलाम होता, आणि तिथल्याच एका शेतवाडीच्या हक्कासाठी तो खटले लढत होता. तो हरला, दोघं परतली, कर्ज वाढलं. फिलिसचा अंत झाला तेव्हा तो कर्जापायी तुरुंगात होता. कष्टाळू की आळशी, हे कागद सांगत नाहीत. पण काळ्या माणसाला जमीन टिकवणं किती अवघड होतं, एवढं ते नक्की सांगतात. आता अनेक अभ्यासक तिचं नाव फिलिस व्हीटली पीटर्स असं लिहितात. जहाजाचं, मालकाचं आणि तिने स्वतः घेतलेलं. तिन्ही.

पीटर्सच्या बाजूने आणखी एक कागद आहे. फेब्रुवारी १७८५ मध्ये, फिलिसला जाऊन दोन महिने झाले असताना, बॉस्टनच्या वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात आली. कैलासवासी फिलिस पीटर्स, पूर्वाश्रमीची फिलिस व्हीटली, हिच्या हस्तलिखित कवितांची वही कुणीतरी वाचायला नेली आहे. तिचं सगळं लेखन छापायचं ठरलं आहे, तरी ज्याने नेली असेल त्याने ती तिचा नवरा जॉन पीटर्स याच्याकडे ताबडतोब आणून द्यावी.

तिचं पहिलं पुस्तक पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात छापलं गेलं. अमेरिकेतली ती पहिली आवृत्ती. दुसऱ्या पुस्तकातल्या ३३ कवितांची यादी १७७९ च्या जाहिरातीत आजही वाचता येते. त्यातल्या मोजक्याच कविता इतर ठिकाणी सापडल्या आहेत. बाकीच्यांची फक्त शीर्षकं उरली आहेत. ती वही आजवर सापडलेली नाही.